दशरथभाऊंचं दुसरं मरण

तिरडी बांधून तयार होती, पण दशरथभाऊंना उचलायला कोणी पुढे येईना. हॉल माणसांनी भरला होता आणि जो तो दुसऱ्याला वाट करून देत होता. शांताबाई नवऱ्याच्या उशाशी बसून सगळ्यांची तोंडं पाहत होती.

एरवी भाऊ नुसते खोकले तरी ही पोरं धावत यायची. कुडाळहून आलेला दशरथ घाटकोपरच्या एका लाँड्रीत इस्त्री करायचा. आधी कपड्यांच्या घड्या घातल्या, मग माणसांच्या. पाण्याचे टँकर, पार्किंग, टेकडीवरच्या झोपड्या, सगळं हळूहळू त्याच्या मुठीत आलं. पोलिसांना तो कधी सापडला नाही आणि गावी कधी परतला नाही.

घात केला तो दोन वर्षांपूर्वीच्या खेळाने. आपल्यामागे कोण काय बोलेल हे ऐकायची भाऊंना हौस आली. डॉक्टरकडून दाखला लिहून घेतला, नाकात कापसाचे बोळे घातले आणि याच दिवाणावर चादर ओढून पडून राहिले. बायकोलाही सांगितलं नव्हतं. तासाभराने उठून बसले. 'सुटलो एकदाचे' असं पुटपुटलेला टोळीतला नितेश तेव्हापासून लंगडतो. रडणं कमी पडलं म्हणून बायकोलाही दोन ठेवून दिल्या.

आज पुन्हा तोच दिवाण, तोच डॉक्टर, तसाच दाखला. अंग गार लागतं म्हणावं, तर एसी रात्रभर चालू. नितेश तर सगळ्यांत मोठ्याने रडत होता आणि रडता रडता भाऊंचे उपकार आठवत होता.

भाऊंचा उजवा हात म्हणवणाऱ्या राजेशला शांताबाईने जवळ बोलावलं. दिवे लागायच्या आत न्यायला हवं, म्हणाली. त्याने हात जोडले.

"वहिनी, सरणावर भाऊ उठून बसले तर? आम्हाला पोरंबाळं आहेत."

शांताबाईला हसू आलं आणि रडूही. या भीतीवरच हे घर उभं राहिलं होतं, आणि आज तीच भीती घरातलं मढं बाहेर पडू देत नव्हती.

ती उठली. लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव तिच्या तोंडी कधी आलं नव्हतं.

"ऊठ रे दशरथा," ती म्हणाली. "पुरे झाली तुझी सोंगं."

आणि सगळ्यांदेखत तिने त्याच्या थोबाडीत सणसणीत लगावली.

नितेशने डोळे गच्च मिटून घेतले. भाऊंचं बोटही हललं नाही. गालावर वळसुद्धा उठला नाही.

मग मात्र खांदा द्यायला झुंबड उडाली. नितेश लंगडत सगळ्यांच्या पुढे. राजेशने वाकून शांताबाईच्या पायांना हात लावला.

"मानलं वहिनी. भाऊ खरंच गेलेत हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून हात उचलला ना?"

शांताबाई मटकन खाली बसली.

"माका खंय ठावक होता," ती म्हणाली.