नमुना

दिंडोशीच्या आपल्या सोसायटीत डॉ. नेत्रा परबने अन्नातल्या भेसळीवर भाषण दिलं, तिथेच तिचं चुकलं. हळदीतलं शिसं, मिठाईतला रंग, शेंगदाण्यातली बुरशी, प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं शोधलेलं सगळं तिने तळमळीने सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारपाजारच्या वाट्या तिच्या घरी यायच्या बंद झाल्या.

एकदा लिफ्टमध्ये शेजारच्या प्रेमाकाकू झाकलेलं ताट घेऊन भेटल्या. घावण्यांचा वास सुटला होता. नेत्रा आशेने बघत राहिली.

"तिसऱ्या माळ्यावर देतेय गं," काकू हसत म्हणाल्या. "तुला द्यायचं म्हणजे परीक्षेलाच बसायचं ना! नको गं बाई."

नेत्राही हसली, पण त्या दिवशी एकटीने जेवताना तिला घास गोड लागेना.

म्हणून परवा दुपारी काकू स्वतःहून सोलकढीचा पेला घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा तिला भरूनच आलं. काकू काही बोलायच्या आत तिने पेला तोंडाला लावला, एका दमात रिकामा केला आणि ओठ पुसत म्हणाली, "झकास, काकू! गेला ना माझ्यावरचा राग?"

काकू रिकाम्या पेल्याकडे बघतच राहिल्या.

 

"अगो बाय माझे, प्यायलीस पण? नव्या दुकानातल्या कोकमात रंग घातलाय का, ते तुझ्याकडून तपासून घ्यायचं होतं!"