अंगठा

माजघरातलं घोरणं एकदम थांबलं. योगिनीचा विळीवरचा हात तसाच राहिला. भर दुपारचं घर, वारा पडलेला. आणि मग त्या शांततेत पैंजण वाजले. छुम् छुम् छुम्.

वेदिका धावत खाटेपाशी गेली आणि तिने बापाच्या पायाचा अंगठा दोन्ही हातांनी धरून ओढला. महिपतच्या सगळ्या अंगाला हिसका बसला. विहिरीत बुडी मारलेला माणूस वर यावा तसा त्याने आवाज करत श्वास ओढला, कूस बदलली आणि परत घोरू लागला.

"आई, ओढला गं!"

"शाबास माझी बाय."

रात्री हे काम योगिनीच्या कोपराचं. दुपारी ती चुलीशी असली की वेदिकाचं. पाच वर्षांच्या पोरीला तो खेळच वाटायचा.

पडवीत कोकमं फोडत बसलेल्या सावित्रीबाईंना मात्र सुनेचं हे खूळ पटत नव्हतं. "पोरीला कशाला गो त्याची झोप मोडायला लावतेस? घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय. ह्याचे वडीलही असेच घोरायचे. झोपेतच गेले. कुणाला म्हणून त्रास नाही."

योगिनी खोबरं खवत राहिली, इतकी की पांढऱ्यात करवंटीचा चुरा पडू लागला.

खाटेखाली मशीनचा खोका होता. छातीच्या डॉक्टरांनी महिपतला रात्रभर बोटाला चिमटा लावून झोपवून पाहिलं होतं. झोपेत श्वास अडतो, म्हणून दिवसा डोळा लागतो. महिनाभर हे मशीन लावून झोपा, मग लायसनसाठीच्या फिटनेसच्या कागदावर सही करतो, तोवर ट्रकच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पहिल्या रात्री नाकावर मुखवटा आणि त्याची ती लांब नळी बघून वेदिकाने टाळ्या पिटल्या होत्या, "बाबा गणपती झाले!" त्या रात्री घरात कुणी घोरलं नाही. योगिनीच उठून उठून त्याच्या छातीवर हात ठेवून बघत होती.

पण आंबा महिनाभर झाडावर थांबत नाही, आणि लायसनची मुदतही संपत आलेली. काल महिपत दुसऱ्या एका डॉक्टरकडे जाऊन सही घेऊन आला. तो कागद आता देव्हाऱ्यात होता. सावित्रीबाईंनी त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं होतं.

ऊन उतरलं तसा महिपत उठला. योगिनीने त्याच्या हातात चहा दिला.

"त्या डॉक्टरांनी झोपेचं विचारलं का हो?"

"नाही विचारलं. दारू पितोस का म्हणाले. नाही म्हटलं. झालं."

"मशीन तरी न्या बरोबर. वाटेत कुठे आडवे झालात तर लावायला."

"गाडीत? आणि त्या बाबल्यासमोर?" बाबल्या त्याचा क्लीनर. "हातखंब्यापासून वाशीपर्यंत सगळ्या धाब्यांवर सांगत सुटेल तो, महिपतला सोंड फुटली म्हणून. शेठ उद्याच दुसरा ड्रायव्हर बघेल."

"मग आज जाऊ नका."

"अगं, फिट लिहून दिलंय ना मला? फिट माणसाला मशीन कशाला?" तो हसला. तो तिला बनवत नव्हता. सही मिळाल्यापासून त्याला खरंच बरं वाटत होतं. "पावसाळ्यात बघू. तेव्हा हवं तर दिवसभर सोंड लावून..."

वाक्य तिथेच राहिलं. मान छातीवर आली, कप हळूहळू कलला आणि निवलेला चहा मांडीवर सांडला. वेदिका लगेच पायाशी बसली.

"काय म्हणत होतो मी?" डोळे उघडून महिपत म्हणाला.

रस्त्याकडेला ट्रक उभा होता. बागेत जाऊन आंब्याच्या पेट्या भरायच्या आणि तसंच घाट चढायला लागायचं. योगिनी खोका उचलून त्याच्या मागोमाग गेली. ट्रकचा डावा आरसा फुटलेला होता. मनाईच्या आधीच्या फेरीत निवळीच्या घाटात फांदी लागली, असं त्याने सांगितलं होतं. रिकाम्या चौकटीत तिने बोट घातलं. बोटाला जांभ्या दगडाची लाल माती लागली. फांदीला कुठली माती? ही डोंगराच्या कडेची होती. त्या घाटात एका हाताला डोंगर असतो आणि दुसऱ्या हाताला काहीच नसतं.

सावित्रीबाईंनी लेकाच्या तळहातावर दही ठेवलं. त्याने ते चाटलं, आईच्या पाया पडला, वर चढला. योगिनीने खोका खिडकीतून आत ढकलला.

"वेडी आहेस काय?"

खोका खिडकीतून परत तिच्या हातात आला. वर त्याचं हसू होतं, आणि हसता हसता आलेली लांबलचक जांभई.

ट्रक वळणावरून गेला. पुष्कळ वेळ त्याचा आवाज ऐकू येत राहिला, मग तोही गेला. वेदिकाने आईचा पदर ओढला.

"आई, गाडीत बाबांचा अंगठा कोण ओढतं?"