डावीकडचं दार

चौथ्यांदा ताई त्याच दारापाशी मेली, आणि मास्तरांनी सराव थांबवला.

दार नवीन होतं. गेम बनवणाऱ्या कंपनीने आदल्या दिवशी अपडेट आणलं आणि त्यात गोदामाचा नकाशा बदलला. डाव्या हाताची भिंत फोडून तिथे दार काढलं. पहिल्या फेरीत पाचही जणी फसल्या. दुसऱ्या फेरीपासून चौघी सावध झाल्या. ताई मात्र दर वेळी तिथे अजून भिंतच असल्यासारखी खुशाल पुढे जायची आणि दारातून येणाऱ्याच्या हाती आयती सापडायची.

ताई संघाची कप्तान. वय सत्तावीस, म्हणजे या खेळात म्हातारीच. गेल्या दोन वर्षांत तिला कुणी बेसावध गाठलं नव्हतं. आणि स्पर्धा तीन दिवसांवर आली होती.

“जेवून या,” मास्तर बाकीच्यांना म्हणाले. “ताई, तू थांब.”

चौघी उठल्या. मागे बसून बघणारी राखीव खेळाडू, जिला सगळ्या धाकटी म्हणत, तीही त्यांच्याबरोबर गेली.

मास्तर आवाज न करता ताईच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. हात उचलून त्यांनी तिच्या कानाशेजारी दोन बोटं धरली. ती समोर बघत राहिली.

“किती बोटं?”

ती दचकली. मग मान पुरती वळवली, बोटं शोधली. “दोन,” ती म्हणाली. आणि जरा वेळाने, “पकडलंत.”

“किती दिसतं?”

“मूठ करा. घट्ट नको, नळीसारखी. डोळ्याला लावा. दुसरा डोळा मिटा.”

मास्तरांनी तसं केलं. टेबलं, संगणकांचे पडदे, खुर्च्या, सगळी खोली नाहीशी झाली. उरला फक्त तिचा एक डोळा आणि नाकाचा शेंडा.

“एवढं,” ताई म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षी एवढंही नसेल.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

त्या दोन वर्षांत संघ एकही मोठी स्पर्धा हरला नव्हता.

“मग खेळत कशी होतीस?”

“ऐकून. आणि पाठ करून. शिडीपासून पिंपापर्यंत चौदा पावलं. पत्र्यावर पाय वाजला की समोरचा उजव्या खोलीत, खडी वाजली की अंगणात. सगळे नकाशे डोळे मिटून फिरते मी.” तिने पडद्याकडे बोट केलं. “भिंत हलली, की संपलं.”

बस चुकल्याचं सांगावं तसं ती सांगत होती. मास्तरांची नजर तिच्या गुडघ्यावर गेली. पट्टी बांधलेली होती.

“हे काय?”

“परवा गल्लीत स्कूटर आली. घराबाहेरची पावलं कधी मोजली नाहीत मी.”

“घरी माहितीये?”

“आईला सांगितलंय, चष्म्याचा नंबर वाढलाय.” ती पट्टीचं टोक आत खोचत राहिली. “डॉक्टरांनी काठी घेऊन चालायला शिका म्हणून सांगितलंय. डोळे आहेत तोवर शिकलं तर सोपं जातं म्हणे. वर्ग रोज दहाला असतो.”

“मग जात का नाहीस?”

“सराव दहाला असतो, मास्तर.”

मास्तर खाली बसले. उद्यापासून त्या वर्गाला जा, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण धाकटी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. हात चपळ, पण समोर गर्दी झाली की गोंधळायची. तिला घेऊन संघ दुसऱ्या फेरीतच घरी येणार होता.

“तीन दिवस द्या,” ताई म्हणाली. “नवा नकाशा बसवते. ही शेवटची स्पर्धा. मग जाते.”

“हे मागच्या स्पर्धेआधीही म्हणाली असशील स्वतःला.”

“म्हणाले होते.” ती त्यांच्याकडे वळली. “तुम्हाला माहीत होतं ना, मास्तर?”

मास्तरांनी नजर पडद्याकडे वळवली.

“वर्षापूर्वी मी आपल्या या खोलीच्या काचेच्या दारावर आपटले. दुसऱ्या दिवशी तुम्ही काचेवर लाल पट्टी चिकटवलीत. विचारलं मात्र काही नाहीत.”

तिच्या आवाजात राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“तीन दिवस,” ते म्हणाले. “आणि ही स्पर्धा. त्यापुढे एक दिवस नाही.”

तिने हेडफोन कानांवर ओढले, रिकाम्या गोदामात एकटीच शिरली आणि पावलं मोजायला लागली. ओठ हलत होते. दारापाशी आली, थांबली, मागे फिरली, पहिल्यापासून मोजायला लागली. मास्तर मागे उभे राहून बघत होते. सहा वेळा. सात वेळा. सातव्यांदा ती दाराच्या बरोबर समोर वळली.

बाकीच्या जेवून परतल्या. धाकटीने ताईसाठी ताट वाढून आणलं होतं. तिने ते टेबलावर ताईच्या डाव्या हाताशी ठेवलं आणि एक हेडफोन हळूच बाजूला करून म्हणाली, “ताई, जेवण ठेवलंय.”

“कुठे?”

धाकटी हसली. “कुठे काय? हे काय, हाताशीच तर आहे.”

ताईचा हात माउसवरच राहिला. धाकटीने आधी ताटाकडे पाहिलं, मग ताईकडे. तिच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली.

“राहू दे,” मास्तर पटकन म्हणाले. “बोलू नकोस तिच्याशी. मन लावून खेळणं म्हणजे काय ते बघ, शीक जरा.”

धाकटीची आठी विरली. ती ताईच्या खुर्चीमागे हात बांधून उभी राहिली आणि आदराने बघू लागली.