तीन नंबरची घंटा

न्हाव्याने अर्धी दाढी उरकली आणि वस्तरा पुसायला तो वळला, तेवढ्यात सुपरवायझरने मोबाइल पुन्हा उघडला.

"तीन नंबरची घंटा वाजतेय. कोणीतरी बघा," वॉचमनने उबवणी केंद्राच्या ग्रुपवर लिहिलं होतं, एक वाजून दहा मिनिटांनी. त्याखाली सुपरवायझरचा अंगठा होता. आता दोन वाजत आले होते.

ग्रुपवरचा 'ओके सर, ओके सर'चा जप थांबावा म्हणून नियम त्यानेच घातला होता. ज्याने अंगठा दिला त्याने काम घेतलं, बाकीच्यांनी मध्ये नाक खुपसायचं नाही. लोकांनी तो इमानेइतबारे पाळला होता. इलेक्ट्रिशियन रविवारचा जेवून आडवाही झाला असेल. आणि नियम घालणारे साहेब गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून, वाढदिवस काय नि सुविचार काय, न वाचता अंगठे वाटत बसले होते.

तीन नंबरच्या मशीनमध्ये नऊ हजार अंडी होती, अठराव्या दिवसाची. या वयात पिल्लांच्या अंगाचीच ऊब इतकी असते, की आतला पंखा बंद पडला तर ती उकडून मरतात. घंटा वाजते ती त्यासाठीच.

वॉचमनचा फोन व्यस्त लागला. सुपरवायझर तसाच पळत सुटला. मागून न्हावी "अहो, टॉवेल!" म्हणून ओरडत राहिला.

गेटवर वॉचमन फोन कानाला लावून उभा होता. साहेबांना बघून तो चक्रावला. "साहेब, तुम्ही बाहेर कसे? घंटा तर मघाशीच थांबली. मला वाटलं, तुम्ही मागच्या दाराने आलात."

घंटा कोणी थांबवली? की मशीनच जळून गप्प झालं? सुपरवायझर मशीनच्या खोलीकडे धावला.

आत तीन नंबरची दोन्ही दारं सताड उघडी होती. ती मिटू नयेत म्हणून एकाला पाण्याची बादली टेकवलेली, दुसऱ्याला खराटा. झाडलोट करणाऱ्या मावशी खोक्याच्या पुठ्ठ्याने ट्रेंना वारा घालत होत्या. घामाने त्यांचा पदर भिजला होता.

"केव्हाची ठणाणा करत होती," त्या म्हणाल्या. "हात लावला तर मशीन तापलेलं. मग हीटरचं बटण बंद केलं आणि दारं उघडली. तुम्ही तसंच करता ना? चुकलं का काही?"

सुपरवायझरने दिवा मालवला, मधल्या ट्रेमधलं एक अंडं उचललं आणि मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. आतली सावली हलली. दुसरं धरलं. तेही हललं. चौथ्या अंड्यानंतर तो रिकाम्या क्रेटवर मटकन बसला. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते.

"अर्धी दाढी राहिलीय तुमची," मावशी म्हणाल्या.

"राहू दे. मावशी, तुम्हाला आजच्या आज ग्रुपवर घेतो."

"नका हो, साहेब," मावशी घाबरून म्हणाल्या. "मग मीही बसेन बघत, कोण जातंय ते."