पालथी नाव

वाळूवर पालथ्या घातलेल्या नावेच्या बुडावरून डोमाने पॉलिश पेपर फिरवला, तळवा टेकवून पाहिलं आणि पुन्हा घासायला घेतलं. हाताला कुठे चढउतार लागता कामा नये, मगच रंग. बापाच्या वेळची शिडाची नाव ती. उद्या कारधा गावचा माणूस ती विकत न्यायला येणार होता. पवनीच्या घाटावर तिला आता कोणी शिवत नव्हतं. शिवेल कसं? माणूस खाल्लेली नाव.

महिन्यापूर्वी डोमाचा धाकटा भाऊ धर्मेंद्र तिच्यातून एकटाच जाळं टाकायला गेला. नाव भर पाण्यात बुडाली. जाळ्यात पाय अडकला असेल, म्हणाले लोक, नाहीतर तो कसला बुडतो! मग लोकांचं बोट वळलं डोमाकडे. फटींत डांबर भरायचं काम थोरल्याचं, आणि यंदा ऐन वेळी तो तापाने फणफणलेला. तोंडावर कोणी बोललं नाही, पण तो टपरीवर आला की गप्पा थांबायच्या.

सुमनबाई चहा घेऊन आली. नवऱ्याचे सोललेले हात पाहून तिला भडभडून आलं.

"फट तिकडं मधात हाय, अन् तुमी इकडं टोकाले कायले घासून राहिले?"

"रंग सारखा बसाले पायजे."

"तृप्तीनं बॅग भरली. मोनाले घेऊन सिहोऱ्याले चालली, मायघरी. डांबर भरलं होतं म्हून सांगा ना तिले एकदा. थांबन ते."

डोमा घासतच राहिला. चार वर्षांची पुतणी मोना त्याच्याच ताटात जेवायची. ती गेली तर घर खायला उठेल, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं.

तेवढ्यात धर्मेंद्रची बायको तृप्ती उतरणीवरून आलीच, मोनाचा हात धरून. भासऱ्यापुढे, नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, कधी मान वर न करणारी बाई, पण आज डोक्यावर पदर नव्हता.

"भाऊजी, पाणी कुठून शिरलं, दाखवा मले."

डोमाने मधल्या उघड्या फटीवर बोट ठेवलं. "अठून."

"डांबर भरलं होतं का नाई? मोनाच्या डोक्यावर हात ठेवून सांगा. हो म्हणा, मी जात नाई."

डोमाचा हात उठला, पोरीच्या केसांपर्यंत गेला आणि परत आला.

"नाई भरलं."

"मंग माह्या माणसाले तुमीच मारलं."

"हो."

तृप्तीने मोनाचा हात ओढला आणि ती वळली. चढावरून जाताना मोनाने "मोठे बाबा" म्हणून हाक मारली. त्याने मान वर केली नाही. केली असती तर धावलाच असता तिच्यामागे.

बायकोही घराकडे गेली, तेव्हा तो नावेच्या टोकाशी बसला आणि लांबी-पुट्टी भरून घासलेल्या जागेवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. आता जन्माचा नावाडी आला तरी त्याला काही सापडलं नसतं. तापातच उठून डोमाने यंदाही साऱ्या फटी भरल्या होत्या, आणि मधल्या फटीतलं ते चांगलं डांबर परवा स्वतःच खरवडून काढलं होतं. नाव पाण्यातून ओढून आणली त्या दिवशी त्याला टोकाशी एक भोक दिसलं होतं, गिरमिटाने आतून पाडलेलं. आणि नावेत धर्मेंद्र तर एकटाच होता.