छापील आकडा

सोमवारपासून कामरान फर्स्ट शिफ्टला येणार, असं ठरलं. असं काही ठरलंच नाही, असं समजून पुढं वाचा. कंपनीनंही तसंच समजायचं ठरवलं आहे.

चाकणच्या त्या प्रेसशॉपचा शिफ्ट चार्ट ज्योतीराम करायचा. तो सुपरवायझर होता, पण ती त्याची दुय्यम ओळख. मुख्य ओळख अशी, की पेपरातलं ‘अतिकठीण’ सुडोकू तो कंपनीच्या बसमध्ये, ट्रॅफिकमध्ये अडकल्या अडकल्या संपवायचा. त्या ट्रॅफिकनं कुणाचं भलं केल्याचं हे एकमेव उदाहरण. नियम दोनच. पेन्सिल वापरायची आणि अंदाज लावायचा नाही. “अंदाज म्हणजे रिजेक्शन,” तो म्हणायचा.

शनिवारी दुपारी, शिफ्ट बदलायच्या वेळेला, कामरान कँटीनमध्ये त्याच्यासमोर येऊन बसला.

“भाऊ, एकदा मला फर्स्टला टाका ना.”

त्याची बायको साबिया शेजारच्या गल्लीत वायर हार्नेसच्या कंपनीत होती, कायम फर्स्टला. कामरान कायम सेकंडला. ती घरी येईतो हा निघालेला, हा येईतो ती झोपलेली. तिला सुट्टी गुरुवारी, याला रविवारी, आणि दोन्ही बहुतेक ओव्हरटाइममध्ये जायच्या. लग्नाला चार महिने झाले होते आणि दोघं एकत्र जेवले होते अकरा वेळा. त्यातले तीन दावतीचे.

“पण तू कायम सेकंडला का आहेस?” ज्योतीरामनं विचारलं.

“आता मी काय सांगू? चार्ट तुम्ही करता.”

ज्योतीरामला आठवेना. चार्ट दर आठवड्याला आधीच्या चार्टवरून उतरवला जायचा. त्यानं पेपर बाजूला सारला, कोऱ्या कागदावर तीन शिफ्टच्या चौकटी आखल्या आणि ऑपरेटर मोजले. नऊच निघाले. त्याचा चेहरा उजळला.

“हे बघ. प्रत्येकाच्या नावापुढं बारीक एक, दोन, तीन लिहायचं. जे शक्य नाही ते खोडायचं. खोडून खोडून उरतं ते खरं. तरी अडलं, तर साखळी धरायची. तू फर्स्टला आलास तर कोण हलतो?”

“रविराज.”

रविराज मागच्याच टेबलावर होता. “सेकंडला नाय हां राव! संध्याकाळी माझा क्लास असतो.”

“दोन खोडला. मग थर्डला जा.”

“थर्ड चालेल. दिवसा झोपेन. क्लासमध्येच झोपेन.”

“मग थर्डमधून किसन निघाला.”

किसन थर्डला असला तरी कँटीनला दूध घालायला रोज तीन वाजता यायचा. किटली खाली ठेवून तो म्हणाला, “सेकंड? आन् सांजच्याला म्हशीची धार कोन काढनार? तुमी?”

“दोन खोडला. तू फर्स्टला. म्हणजे फर्स्टमधून मारुतराव सेकंडला.”

सगळ्यांनी मारुतरावांकडं पाहिलं. दोन वर्षांत रिटायर होणारा माणूस. त्यांनी बशीतला चहा संपवला.

“मला काय! संध्याकाळी घरी असलो की ही भाजी निवडायला बसवते. टाका सेकंडला.”

साखळी जुळली. अंदाज एकही नाही. रविराजनं टेबल वाजवलं. कामराननं तिथंच फोन लावला, आणि घाईत स्पीकर चालूच राहिला.

“सोमवारपासून फर्स्ट. संध्याकाळी घरी.”

पलीकडून साबियानं विचारलं, “रोट्या किती करू? गरम असल्यावर किती खाता तुम्ही?”

कामराननं सगळ्यांकडं पाहिलं. त्यालाही माहीत नव्हतं.

ज्योतीराम चार्ट लावायला शॉपमधल्या बोर्डाकडं गेला. बोर्डावर स्किल मॅट्रिक्स होता. ज्याला जेवढं काम येतं तेवढं त्याच्या नावापुढचं वर्तुळ काळं भरायचं, पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. प्रेसमधला साचा, म्हणजे डाय, बदलायचं काम सेकंड शिफ्टला निघतं आणि त्याला पूर्ण वर्तुळाचाच माणूस लागतो. पूर्वी दोन होते. साहेबराव रिटायर झाले, आणि उरलं ते वर्तुळ कामरानचं. त्याचा शेवटचा पाव भाग ज्योतीरामनंच मार्करनं भरला होता, सहीनिशी, चार महिन्यांपूर्वी. कामरानचं लग्न त्याच आठवड्यात. त्यानं पेढे वाटले, ते लग्नाचे की वर्तुळाचे, हे तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

कामरान मागं येऊन उभा होता. त्यानंही वाचलं.

“सॉरी भावा,” ज्योतीराम म्हणाला. “तुला पेन्सिलीचा आकडा धरून चाललो होतो. तू छापील आकडा निघालास. तो खोडता येत नाही.”

“भाऊ, पाव भाग पुसा की माझा.”

“तीन वर्षं लागली तुला ते वर्तुळ भरायला.”

“भरायला लागली. विसरायला पंधरा मिनिटं बास.”

“मग डाय कोण बदलणार? रविराजचं पूर्ण व्हायला अजून सहा महिने आहेत.”

बेल झाली. कामराननं हातमोजे चढवले आणि सेकंड शिफ्टला आत गेला. साबियाला फोन त्यानं नंतर करायचा ठरवला असावा, किंवा ज्योतीरामनं करावा, असं.

ज्योतीरामनं चार्ट पूर्ववत केला. रबराचा बराच भुगा पडला. मग आयुष्यात पहिल्यांदा कँटीनच्या टेबलावर त्यानं पेन काढलं.

“प्रति, मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग. विषय : चौथी शिफ्ट सुरू करणेबाबत. महोदय, चोवीस तासांत तीन शिफ्ट पूर्ण बसतात, याची तपासणी केली आहे. तरी सदर चोवीस तासांच्या बाहेर, रोज किमान दोन तासांची चौथी शिफ्ट मंजूर व्हावी. मनुष्यबळ : ऑपरेटर एक, त्याची पत्नी एक. उत्पादन अपेक्षित धरू नये. सुपरवायझर नेमू नये.”