दोन मणांची बायको

गोदूबाईच्या जागेवर सयाजीने तांदळाचं पोतं बसवलं आणि सुतळीने आवळून बांधलं. आणि गोदूबाई दहा पावलांवर चिंचेखाली उभी होती, चांगली जितीजागती.

महाडच्या बाजारात, भर दुपारी, सोनबा मिस्त्रीच्या दुकानापुढे हा प्रकार चालला होता. सयाजी म्हणजे पोलादपुराकडचा मोठा जमीनजुमल्याचा खातेदार. त्याच्या फटफटीचे मागचे शॉकअप पार मेले होते. चाक खड्ड्यात गेलं की सीट खाडकन आपटायची. सकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोदूबाईला तपासलं आणि तिच्या नवऱ्याला, सयाजीला, सरळ सांगितलं, पाचवा महिना आहे, मागे एकदा पोट पडलंय, हिला चालू द्या हवं तेवढं, पण दणके बसू देऊ नका. म्हणून मुंबईच्या भावाने धाडलेले नवे शॉकअप आजच चढवायचे ठरले. भावाने ते भाताची पोती वाहायला बरे म्हणून चांगले कडक बघून घेतले होते. असो. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं.

मिस्त्रीने जुने काढून नवे बसवले. गाडीची मागली बाजू चार बोटं उचलली गेली. नव्या शॉकअपला खाली एक फिरती चकती होती, तिला तीन खाचा. चकती वरच्या खाचेवर न्यावी तशी स्प्रिंग कडक होणार. दोन्ही माणसं बसली की सीट दोन बोटं खाली यायला हवी, मिस्त्रीने समजावलं. जास्त आली तर आपटेल, आलीच नाही तर मागचं माणूस लाहीसारखं उडेल. तेव्हा बाईंना जरा बसवा, मी पट्टी लावून बघतो.

झालं, सयाजीचं डोकं फिरलं. बाईमाणसाला भर बाजारात गाडीवर चढवायची आणि परक्या माणसाने शेजारी उकिडवं बसून पट्टी धरायची? त्यापेक्षा वजनाला वजन ठेव म्हणाला. किती ठेवू, मिस्त्रीने विचारलं. समोर चहावाल्याच्या बाकावर चार ओळखीची माणसं बशीतला चहा भुरकत सगळं ऐकत होती. त्यांच्या देखत खातेदार काय सांगणार?

"दोन मण तरी धर," सयाजी म्हणाला. "आमच्या घरची बाई हाय."

पलीकडच्या धान्याच्या वखारीतून दोन मणांचं पोतं आलं. पुढे सयाजी बसला, मागे पोतं, आणि गाडी कचकन दबली. मिस्त्रीने पाना लावून चकती सगळ्यात वरच्या खाचेवर नेली. पट्टी लावली. दोन बोटं, बरोबर. मग त्याने एकदा पोत्याकडे पाहिलं, एकदा चिंचेखाली पाहिलं, आणि पाना खोक्यात टाकला. मालकाला खोटं कोण पाडणार?

गोदूबाईच्या मस्तकात तिडीक गेली. तिच्या चोळीला दोनदा टिपा घालून झाल्या होत्या, बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या, आणि हा गृहस्थ बाजारात दोन मण सांगत होता. त्याच्या या फुशारकीवर बसून तिने पोलादपुरापर्यंत आणि पुढच्या दगडधोंड्यांतून घरापर्यंत जायचं. मागल्या खेपेला सगळ्यांनी तिच्या नशिबाला बोल लावला होता. या खेपेला पोटातल्याचं काही झालं तर पुन्हा तिच्याच नशिबाला लावणार होते.

ती चिंचेखालून निघाली. नवऱ्याकडे नाही की मिस्त्रीकडे नाही, सरळ रस्ता ओलांडून वखारीत गेली. तिथे साखळ्यांना टांगलेल्या मोठ्या काट्याच्या पारड्यात पदर सावरून बसली आणि हमालाला म्हणाली, घाल वजनं. हमाल बावरला. जा घरी म्हणून बघितलं, पण ती हलेना. शेवटी त्याने दुसऱ्या पारड्यात मणाचं, म्हणजे चाळीस शेरांचं, वजन ठेवलं आणि मग एकेक शेर टाकत गेला. चहाचा अख्खा बाक उठून वखारीच्या दारात आला.

"एक मण पाच शेर," हमाल पुटपुटला.

तोवर सयाजी धावत आला होता. तोंड काळंठिक्कर पडलेलं. तो दातओठ खात म्हणाला, "चारचौघांत माझी लाज काढलीस."

"मी कुठं काढली? काट्यानं काढली," गोदूबाई पारड्यातून उतरत म्हणाली. "तुमच्या घरात मी सगळ्यांच्या मागनं जेवते, टोपात उरंल ते. त्याचं हे वजन हाय. पोटातल्यासकट."

दारातल्या लोकांनी माना खाली घातल्या. त्यांच्याही घरी बाया मागूनच जेवत होत्या.

ती परत आली, मिस्त्रीला पोतं उतरवायला लावलं आणि स्वतः सीटवर बसली. सयाजीला पुढे बसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. मिस्त्रीने चकती एक खाच खाली घेतली, पट्टी लावली. आणखी एक घेतली, पुन्हा लावली. सीट बोटभरही दबत नव्हती. तो उठला, हात पुसले आणि पहिल्यांदाच थेट तिच्याशी बोलला.

"ह्याच्या खाली खाच नाय, वैनी."

"मी हळू नेतो. बस तू," सयाजी घाईघाईने म्हणाला.

गोदूबाई खाली उतरली. सव गाव, तिचं माहेर, महाडहून चालत दीड तासावर. आणि चालायला डॉक्टरीणबाईंनी मना केलेलं नव्हतं. तिने पदर घट्ट खोचला.

"दोन मण भरले, की निरोप धाडते," ती म्हणाली. "मग या न्यायला."